काजळ्याचा खांदा

पुंजा मल्हारी धोंगडे याने आजवर एकतीस मोठी जनावरं रंगवली आहेत, आणि हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. प्रत्येक जनावर बाद पत्र्याच्या रूपात आमच्या कंपनीच्या गेटमधून बाहेर पडलं, आणि त्या प्रत्येक पत्र्याचा गेटपास मीच केला. बत्तिसाव्या जनावराची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती लिहून ठेवावी असं वाटलं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवते. मी स्टोअर्स आणि डिस्पॅच बघतो. पुंजा रंगखात्यात स्प्रे गन धरतो. आम्ही दोघेही पुढच्या वर्षी निवृत्त होऊ, तो माझ्या आधी तीन महिने. एकोणीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात एक पोचा आलेला पत्रा होता.

"साहेब, हा भंगारात टाकण्यापेक्षा मला द्या. हत्ती काढायचाय."

मी म्हटलं, "कागदावर काढ की."

"कागदावर मावत नाय."

मी वरच्या साहेबांची मंजुरी घेतली आणि गेटपासावर 'बाद पत्रा, एक नग' असं लिहिलं. महिनाभराने तो हत्ती बघायला मिळाला. आता तो आमच्या कँटीनमध्ये आहे आणि त्याच्या पोटाखाली बसून माणसं चहा पितात. नंतर गेंडा आला, अस्वल आलं, वाघ तर चार आले. कोणी गॅरेजवाल्याने नेला, कोणी शाळेने. अंबड गावातल्या त्याच्या घराच्या ओट्यावर नेहमी एखादं जनावर वाळत उभं असतं. येणारे-जाणारे बिचकतात आणि मग हसतात.

पुंजाच्या जनावरांचं वैशिष्ट्य सांगायचं तर ती सगळी जड असतात. म्हणजे बघणाऱ्याला त्यांचं वजन कळतं. पाय जमिनीत थोडे रुतलेले असतात. अंगावर ओलसर चमक असते, जणू ती पावसात उभी आहेत आणि त्यांना पावसाची पर्वा नाही. आणि वाघ असो की गेंडा, उभं राहणं सगळ्यांचं एकाच घरातलं. क्वालिटीतला हर्षल तर त्याला तोंडावर म्हणायचा, "पुंजाभाऊ, तुमचा वाघ सकाळी गवत खातो आणि दुपारी रवंथ करतो."

पुंजा म्हणायचा, "खाऊ दे. तुझ्या बापाच्या शेतातलं नाय खात."

आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक जनावराच्या मानेवर, वरच्या अंगाला, जरा डावीकडे, राखट रंगाचा एक डाग असायचा. चिंचेच्या बोटकासारखा वाकडा. हत्तीला तो होता, अस्वलालाही होता, चारही वाघांना होता. पुंजा चित्राखाली नाव कधीच टाकत नसे. त्यामुळे हा डाग म्हणजे त्याची सही, असं मी पहिल्या दोन-तीन पत्र्यांतच ठरवून टाकलं आणि एकोणीस वर्षं त्याला विचारलं नाही. हिशेब जुळला की आम्ही कॉमर्सची माणसं पुढे खोदत बसत नाही, हा आमचा दोष.

गेल्या वर्षी गंगापूर धरणाच्या रस्त्याला एका निसर्गसंस्थेचं नवं केंद्र उभं राहिलं. शाळेच्या सहली तिथे याव्यात, मुलांना रानातली जनावरं कळावीत, असा उद्देश. आमच्या कंपनीने त्यांना सूचनाफलक करून द्यायचं कबूल केलं. पत्रे बादचे, अक्षरं पुंजाची. 'कचरा टाकू नये', 'झाडावर नावे कोरू नयेत', 'वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये', असे अकरा फलक मी मोजून पोचवले.

केंद्राचं काम बघणाऱ्या योगिनीताई तिशीतल्या. प्राणीशास्त्र शिकलेल्या, बोलायला स्पष्ट. फलक ठोकताना त्यांनी एक उलटा केला. मागच्या बाजूला अर्धवट सोडलेला गेंडा होता.

"हा कोणी काढला?"

मी पुंजाचं नाव सांगितलं. त्या बराच वेळ गेंड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "याचे कान चुकलेत. पण हा उभा कसा राहिलाय बघा! मला फोटोंमध्येसुद्धा हे मिळत नाही."

आठ दिवसांत त्या पुंजाच्या ओट्यावर हजर झाल्या. प्रवेशाच्या भिंतीवर त्यांना एक रानगवा हवा होता. बारा फूट लांब, आठ फूट उंच. खाली उजव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव.

पुंजाची बायको लंकाबाई चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. "नाव? यांचं नाव येणार भिंतीवर?"

"येणार ना, काकू. मोठ्या अक्षरात."

"ऐकलं का हो?" लंकाबाई नवऱ्याला म्हणाली. "एकतीस जनावरं या घरातून गेली. एकानंबी तुमचं नाव बाहेर सांगितलं नाय. लोक मलाच विचारत्यात, हत्तीवाले कोणाचे कोण म्हणून."

योगिनीताईंनी गव्याचे फोटो दिले. मी चार पत्र्यांचा गेटपास केला आणि पुंजा कामाला लागला. सुटी झाली की चारपासून दिवस मावळेपर्यंत. दीड महिना गेला. गवा तयार झाला तेव्हा कंपनीतली निम्मी माणसं बघायला येऊन गेली. काळपट तांबूस अंग, पायांत पांढरे मोजे, शिंगांच्या टोकांना काळी झाक, आणि डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. हर्षलने तो अगदी जवळ जाऊन बघितला. जाताना मला म्हणाला, "हा नाही रवंथ करणार."

मंगळवारी योगिनीताई शेवटची पाहणी करायला आल्या. शुक्रवारी पत्रे भिंतीवर चढवायचे होते. त्यांनी पायापासून सुरुवात केली. खूर बरोबर, मोजे बरोबर, पाठीचा उंचवटा बरोबर. मग मानेपाशी थांबल्या.

"पुंजाकाका, हे काय आहे?"

"काय?"

"हा डाग. हा तर घट्टा वाटतो. जू घासून बैलाच्या मानेला पडतो तसा."

मीच मध्ये पडलो. "ताई, ती त्याची सही आहे. प्रत्येक चित्रात असते."

पुंजाने माझ्याकडे असं बघितलं की माझी एकोणीस वर्षांची समजूत तिथल्या तिथे निकालात निघाली.

"सही नाय ती, साहेब," तो म्हणाला. "घट्टाच हाय."

योगिनीताई हसल्या, पण लगेच सावरल्या. "काका, गव्याला घट्टा कसा असेल? गव्याला कोण जुंपणार? या भिंतीसमोर मुलं उभी राहतील आणि मी त्यांना सांगणार, ज्याच्या मानेवर माणसाने कधी काही ठेवलं नाही, ते हे जनावर. ती वहीत काढून नेतील. बाकी सगळं अप्रतिम आहे. एवढं तेवढं काढून टाका."

"ते नाय निघायचं."

"रंगच आहे ना?"

"रंगच हाय. पण नाय निघायचं."

त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, "मग मला तिथे फोटोचा फ्लेक्स लावावा लागेल. रविवारी पहिली सहल येतेय. मी चुकीचं चित्र नाही लावू शकत, काका. शुक्रवारी सकाळी कळवा."

त्यांची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली आणि लंकाबाईने सुरुवात केली. "बोटभर डागासाठी! दीड महिना ओट्यावर बसायला जागा नाय, घरात थिनरचा वास, दूध नासलं तरी वास येत नाय एवढा. अन् आता म्हणे नाय निघायचं. साहेब, तुम्ही सांगा यांना. मी तर दगडाशीच बोलते."

मी आपलं सरळ विचारलं. "पुंजा, कोणाचा घट्टा आहे हा?"

तो गव्याकडे पाठ करून बसला.

"काजळ्याचा," तो म्हणाला.

पुंजाचं गाव घोटीच्या पुढे, डोंगराखाली. भाताची खाचरं, आणि डांगी बैल. डांगी जनावराची कातडी तेलकट असते, पाऊस अंगावर टिकत नाही, ओघळून जातो. काजळ्या त्यांच्या घरचा डांगी. पांढरा, अंगावर काळे ठिपके, आणि डोळ्यांना काजळाची रेघ. जोडीत तो कायम उजव्या अंगाला चालायचा.

"मी सोळा वर्षांचा," पुंजा सांगू लागला. "आवणीला, म्हंजी भाताची रोपं लावायला, बाया ठरवलेल्या, त्याआधी खाचरात चिखलणी झालीच पायजे. बाप तापानं पडला. जोत माझ्याकडं आलं. काजळ्याचा जोडीदार त्याच उन्हाळ्यात गेलेला, म्हणून शेजारचा बैल मागून आणला. तो बुटका. एक उंच अन् एक बुटका, जू तिरपं बसायचं अन् याच्या मानेला डावीकडं घासायचं. मला दिसत होतं, साहेब. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. मी वरून हळद चोपडली, बापाला बोललो नाय, अन् तिसऱ्या दिवशी परत जुंपला."

"का रे?"

"दोन खाचरं राहिली होती. गावानं म्हणलं पायजे ना, मल्हारीच्या पोरानं एकट्यानं चिखलणी केली."

"म्हटलं का गावाने?"

"म्हटलं. लय म्हटलं." तो जरा हसला. "जखम भरली. घट्टा राहिला."

लंकाबाई कपबशा उचलता उचलता थांबली होती. काजळ्याचं नाव तिने अनेकदा ऐकलेलं असणार. तिसऱ्या दिवसाचं ऐकलेलं नव्हतं.

पुढे तो म्हणाला ते मी आठवेल तसं लिहितो. आवणी संपली की त्या भागात जनावरं डोंगरावर चरायला सोडतात. त्या श्रावणात काजळ्या परतला नाही. आठ दिवस शोधला. बिबट्याने नेला असणार, असं गाव म्हणू लागलं. नवव्या दिवशी पुंजा आणि त्याचा बाप वरच्या पठारावर गेले. धुकं होतं. धुकं हललं आणि कातळावर एक जनावर दिसलं.

"आधी मी पळायलाच निघालो," पुंजा म्हणाला. "असलं जनावर मी बघितलेलंच नव्हतं. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, अंगावरून पाणी निथळतंय. आमच्याकडं बघत होता, पण ओळखत नव्हता. बाप म्हणाला, हा आपला नाय, याला रान लागलंय, चल मागं. मी बघत राहिलो. मग तो वळला तसा मानेवरचा घट्टा दिसला. तेव्हा कळलं, काजळ्याच हाय."

"मग?"

"मग काय. हाक मारली. फुरफुरला. परत मारली, तेव्हा खाली आला. आमच्या मागं मागं घरापर्यंत आला. घराच्या भिंतीला जू टेकवून ठेवलेलं. त्याच्या उजव्या टोकाशी गेला अन् मान खाली घालून उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं." पुंजाने नाक पुसलं. "साहेब, मी वाघ काढतो, गेंडा काढतो. यातलं एकबी जनावर मी जवळून बघितलेलं नाय. सर्कशीत लांबून हत्ती बघितला तेवढा. मी कातळावरचं तेच काढतो. कातडी नुसती बदलतो. घट्टा पुसला तर कसं ओळखू? मग ते कॅलेंडरातलं जनावर झालं."

कंपनीत कोणी नियम आणि गरज यांत अडकलं की मी मधला मार्ग काढून देतो. इथे मला तो दिसेना. घट्टा राहिला तर भिंत जाणार होती, आणि भिंत ठेवायची तर पुंजाचं जनावर जात होतं.

गुरुवारी सुटी झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. शुक्रवारी सकाळचा टेम्पो मी द्वारका चौकातल्या टेम्पोस्टँडवरून ठरवून ठेवला होता. तो बोलवायचा की रद्द करायचा, तेवढं विचारायचं होतं. लंकाबाई ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसली होती. पुंजा गव्यासमोर उकिडवा बसलेला.

"टेम्पोचं काय करू?" मी विचारलं.

उत्तर लंकाबाईने दिलं. "उद्या पोळा हाय, माहीत हाय ना साहेब?"

"हो तर."

"मग आज काय असतं, ते यांना विचारा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेत, विसरले असतील."

"खांदेमळण," पुंजा हळूच म्हणाला.

मी शहरात वाढलेला, म्हणून लंकाबाईने मला समजावलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. गरम पाण्याने खांदा शेकायचा, मग हळद आणि तूप लावून मळायचा. वर्षभर ओढलेलं ओझं आपल्या हातांनी उतरवायचं. मग दुसऱ्या दिवशी सण.

"त्या साली मळला होता का हो काजळ्याचा खांदा?" तिने नवऱ्याला विचारलं.

पुंजा मान खाली घालून होता. "बापानं मळला. मी हात लावला नाय. लाज वाटली."

लंकाबाईने डाळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"बत्तीस वेळा त्याचा घट्टा रंगवत बसले," ती म्हणाली, "पण एकदा तरी मळला का? हत्तीला घट्टा, वाघाला घट्टा. त्या बिचाऱ्या वाघानं कोणाचं काय ओढलं होतं? उद्या त्याला रानात सोडणार ना तुम्ही? मग असाच सोडता? खांदा मळून सोडा की."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग पुंजा उठला आणि आत जाऊन पाण्याची बादली, वॉटर पेपरचे तुकडे आणि रंगाचे दोन डबे घेऊन आला. वॉटर पेपर म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर. आमच्याकडे पत्र्यावरचा वाळलेला रंग त्यानेच उतरवतात.

"पाणी गार हाय," लंकाबाई म्हणाली.

"पत्र्याला काय गार अन् काय गरम?"

"मी म्हटलं, पाणी गार हाय."

ती आत गेली आणि पातेलंभर गरम पाणी घेऊन आली. पुंजाने मुकाट्याने ते बादलीत ओतलं.

त्याने पेपर बुडवला आणि घासायला सुरुवात केली. रंगखात्यात मी त्याला हजारदा घासताना बघितलंय. तिथे त्याचा हात सरळ रेषेत, झरझर चालतो. इथे तो गोल फिरत होता, अंगठ्याने, हळू. राखट पाणी गव्याच्या छातीवरून ओघळत होतं. मधूनच तो थांबायचा, तळहात फिरवून बघायचा, परत घासायचा. अर्धा तास असा गेला. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

पत्रा पुसून वाळल्यावर त्याने काळा आणि तांबडा रंग बोटांनीच एकत्र केला. ब्रश घेतला नाही. बोटांनी मानेवर रंग चोळत गेला, कडा आजूबाजूच्या रंगात मिसळत गेला. शेवटी मागे सरून उभा राहिला.

घट्टा गेला होता. त्या जागी नुसती मान होती, बाकीच्या अंगापेक्षा किंचित जास्त चमकणारी, जशी तूप लावून मळल्यावर चमकेल.

"ओळखू येतो का?" मी विचारलं.

पुंजाने मान तिरपी करून बघितलं. मग म्हणाला, "येतो. आता तो मला ओळखत नाय, कातळावर ओळखत नव्हता तसा. तसंच पायजे होतं."

"टेम्पो?"

"सकाळी सातला बोलवा, साहेब. उशीर नको. दुपारी जेवायला या, पुरणपोळी हाय."

शुक्रवारी नऊ वाजता पत्रे भिंतीवर चढले. लंकाबाईसुद्धा टेम्पोत बसून आली, नवं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन. योगिनीताई लांबून बघत बघत जवळ आल्या आणि मानेपाशी थांबल्या. पुंजा सायलेन्सरवर पाय भाजल्यासारखा एका जागी ठरत नव्हता.

"काका, हा ओला आहे का अजून?"

"रंग वाळलाय, ताई. पाऊस हाय तो."

ताईंनी मानेनेच हो म्हटलं. मग खाली वाकून कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचलं. 'पुंजा मल्हारी धोंगडे, अंबड.' नावाखाली आपण ओढतो तशी एक रेघ होती. सरळ नव्हती. चिंचेच्या बोटकासारखी वाकडी, राखट.

"ही काय?" त्यांनी विचारलं.

"ती सही हाय," पुंजा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "साहेबांना विचारा. ते एकोणीस वर्षं सांगतायत."

लंकाबाई नावाच्या प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत होती. तिला वाचता येतं, तरी तिने दोनदा बोट फिरवलं. मग तिने डबा उघडला, पुरणपोळीचा तुकडा मोडला, त्यावर तूप होतं, आणि गव्याच्या तोंडाखाली भिंतीच्या कठड्यावर ठेवला. हात जोडून कपाळाला लावले.

"अहो काकू!" योगिनीताई हसू दाबत म्हणाल्या आणि शेजारच्या फलकाकडे बोट केलं. पुंजाच्याच हातची अक्षरं होती. 'वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये.'

लंकाबाईने फलक नीट वाचला.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "ते उद्यापासून. आज पोळा हाय, आज हा आमच्या घरचा हाय."

आणि उरलेली पोळी तिने आम्हा तिघांत वाटली.